घडणावळ वजा जाता

हडर्सफील्ड,
२२ सप्टेंबर २०२४

चि. ओंकार,



तू जाहिरात पाठवलेली ती गाडी काल शनिवारी स्टॉकपोर्टला जाऊन पाहून आले. सोबत टॉर्च, जुनी चटई, ओलावा मोजायचं यंत्र आणि वही होती. घरी परतायला दुपारचे तीन वाजले. रात्री जेवण झाल्यावर हिशेब मांडला आणि आज हे पत्र लिहायला बसले आहे.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता. "आत्या, २०१२ची फोक्सवागन टी५ कॅम्परव्हॅन, १,१८,००० मैल झालेली, १८,५०० पौंड सांगतोय. किंमत बरोबर आहे का?" फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळी झाले असते. पण यंदा गणपतीत भेटलेल्या आपल्या मंडळींपैकी तिघांनी मला हेच विचारलं. मुलं हाताशी आली की इथे प्रत्येक घरात कधी ना कधी कॅम्परव्हॅनचा विषय निघतो आणि आयुष्यातली तिसरी-चौथी मोठी खरेदी माणसं फोटो बघून करून टाकतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे, आणि तुझ्या परवानगीने हे पत्र मासिकालाही देणार आहे.

सुरुवात गुजरीपासून करते. तुझ्या आजोबांनी कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफी पेढीवर तीस वर्षं वही लिहिली. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी जायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत कोपऱ्यात बसून राहायचे. बायका जुन्या पाटल्या, तोडे मोडायला आणायच्या. घडवल्या वेळची पावती कितीतरी वर्षं पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली असायची. ती त्या आधी पुढे करायच्या. पेढीचे मालक पावती अदबीनं बाजूला ठेवायचे, पाटली कसोटीच्या दगडावर घासायचे, डाग किती, घट किती ते बघायचे आणि मग तराजू उचलायचे. एकदा एक बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "घडणावळ केवढी दिली होती हो!" आजोबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, घडणावळ तुम्ही हौसेसाठी दिलीत, आणि इतकी वर्षं पाटल्या ल्यालात. आता सोन्याचं बोलू."

वापरलेल्या कॅम्परव्हॅनची किंमत अशीच काढायची असते. खालची गाडी म्हणजे सोनं, आणि आतली कपाटं, पलंग, शेगडी, उघडणारं छप्पर ही घडणावळ. फरक एवढाच, की गाडीच्या बाजारात चांगल्या घडणावळीचे काही पैसे परत मिळतात. सगळे मात्र कधीच मिळत नाहीत. विकणारा बेरीज करत आलेला असतो, घेणाऱ्यानं वजाबाकी करायची असते.

स्टॉकपोर्टच्या गृहस्थांनी ही बेरीज माझ्यापुढे ठेवली. निवृत्त सुतार, बोलायला सरळ, खोटं बोलणारा माणूस नव्हे. दारात गाडी, शेजारी घडीचं टेबल आणि त्यावर पावत्यांची जाड फाइल. २०१६ साली रिकामी व्हॅन ९,००० पौंडांना घेतली, पुढे आत १३,८०० पौंड घातले. एकूण २२,८००. "त्यातले चार हजारांवर मी आधीच सोडले आहेत," ते म्हणाले. आतलं काम सगळं ओक लाकडातलं. खण ओढला तर आवाज न करता पुढे आला. दारांच्या कडांवरून हात फिरवला, कुठे कूस लागली नाही. मला ते काम मनापासून आवडलं आणि तसं मी सांगितलंही. पण फाइल मी अदबीनं बाजूला ठेवली.

घरबसल्या कळतं ते

गाडी पाहायला जाण्यापूर्वी अर्धं काम घरी होतं. इंग्लंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते, आणि २००५पासूनच्या तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. फक्त गाडीचा नंबर टाकायचा. तिथे दोन गोष्टी पाहायच्या. एक म्हणजे मैल वर्षागणिक नीट चढत गेलेत ना; एखाद्या वर्षी आकडा मागे आला असेल तर तिथेच थांबायचं. दुसरी म्हणजे पास झालेल्या गाडीलाही तपासनीसानं दिलेल्या सूचना. या गाडीला २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीन वर्षं एकच सूचना होती, पुढच्या डाव्या चाकाच्या खालच्या सस्पेन्शन आर्मचं बुश झिजलं आहे. तीन वर्षं तेच वाक्य. म्हणजे मालक गाडी पास होण्यापुरती जपतो, सूचना मिळाली म्हणून गॅरेजला नेत नाही. हे कळलं की इतर गोष्टींकडेही त्या नजरेनं पाहावं लागतं.

मग कागद. व्ही५सी म्हणजे इथलं नोंदणीपुस्तक. पण ते मालकीचा पुरावा नाही, आणि हे त्या कागदावरच छापलेलं असतं. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि हप्ते बाकी असतील तर ती बहुतेक वेळा वित्तकंपनीच्या मालकीची असते, आणि विकणाऱ्यानं पैसे घेऊन पाठ फिरवली तर गाडी तुझ्या दारातून जाऊ शकते. म्हणून थोडे पैसे देऊन खासगी तपासणी करून घ्यायची. कर्ज बाकी आहे का, चोरीची नोंद आहे का, अपघातानंतर विमा कंपनीनं मोडीत काढली होती का, हे त्यात कळतं. २०१७च्या ऑक्टोबरपासून अशा दुरुस्त करता येण्याजोग्या गाड्यांना एस किंवा एन असा वर्ग देतात, त्याआधी सी आणि डी होते. या गाडीवर असं काही निघालं नाही. नोंदणीत गाडीचा प्रकार 'मोटर कॅरव्हॅन' असा आहे, हेही तिच्या बाजूचं. २०१९पासून घरी रूपांतर केलेल्या गाड्यांना ही नोंद मिळणं अवघड झालं आहे. बाहेरून ती कॅम्परसारखी दिसली पाहिजे, असा आग्रह असतो.

सोनं: खालची गाडी

मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, की इंजिन मी आल्यावरच सुरू करा. थंड डिझेल इंजिन सुरू होताना खरं बोलतं. बॉनेटवर तळहात ठेवला, गार होतं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, निळा धूर नाही, खडखड नाही. इथपर्यंत छान.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारलं. सर्व्हिसबुकात त्याची नोंद नव्हती आणि त्यांनाही आठवत नव्हतं. नोंद नाही याचा हिशेबात एकच अर्थ धरायचा, बदललेला नाही. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच जातं.

मग चटई अंथरून गाडीखाली गेले. या देशात थंडीभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्यातलं पुष्कळसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. बर्फ वितळतो, पण गाडीचं पोट खारट होतं. चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या आणि समोरच्या काचेखालची पन्हळ या तीन जागा मी टॉर्च मारून पाहते. पन्हळीत कुजलेल्या पानांचा लगदा होता. तो बोटानं बाजूला केला तर खाली गंजाचे पापुद्रे हाताला आले. मागच्या डाव्या कमानीवर रंग फुगला होता. नखानं दाबल्यावर तो आत गेला. म्हणजे गंज वरचा नाही, आतून आलेला आहे.

टायरचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. कडेवरच्या लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. इथे होते २३१६. म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा, आठ वर्षांचा टायर. खाचा भरपूर शिल्लक होत्या, कारण कॅम्परव्हॅन वर्षातले कितीतरी महिने एका जागी उभी असते. अशा गाडीचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. कडेवर बारीक भेगा दिसत होत्या. चारही बदलायचे.

घडणावळ: आतलं घर

इथे मी जरा जास्त वेळ घालवते. त्याचं कारण तुला माहीत नाही, कारण तेव्हा तू शाळेत होतास.

२०१०मध्ये आम्ही पहिली गाडी घेतली, ती फायबरच्या खोलीची मोठी मोटरहोम होती. १४,५०० पौंड दिले. पाहायला गेलो तेव्हा आत सुगंधी मेणबत्ती लावलेली होती. तुझे काका म्हणाले, किती नीटनेटकी माणसं आहेत. तीन महिन्यांनी पाऊस लागला आणि मागच्या कोपऱ्यातली भिंत बोटानं दाबली तर पावासारखी दबली. मागच्या दिव्याच्या फटीतून वर्षानुवर्षं पाणी मुरून आतली लाकडी चौकट कुजली होती. ती भिंत उघडून नवी करायला ३,४०० पौंड लागले, आणि तो उन्हाळा गाडी कारखान्यातच होती. मेणबत्तीचा वास अजून कुठे आला की मला ती भिंत आठवते. तेव्हापासून हे दोन टोकांचं यंत्र माझ्याकडे आहे. भिंतीवर टेकवलं की ओलाव्याची टक्केवारी दाखवतं. पंधराच्या आत असेल तर काळजी नाही. वीसच्या वर गेली तर पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय किंमत बोलायचीच नाही.

टी५सारख्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये भिंती कुजत नाहीत, पण खिडक्यांसाठी पत्रा जिथे कापलेला असतो तिथून गंज सुरू होतो, आणि आतल्या आवरणामागे दमट हवेचं पाणी साचतं. मी प्रत्येक खिडकीखाली हात घातला. कोरडं होतं. पॉपटॉप, म्हणजे वर उघडणारं छप्पर, उघडून त्याच्या कापडाच्या घड्या पाहिल्या. एका घडीत चार बोटं लांबीची चीर होती आणि भोवती बुरशीचे काळे ठिपके. छप्पर व्यावसायिकाकडून बसवल्याची पावती होती, ती मी नीट वाचली. फाइलमधल्या ज्या दोन कागदांना किंमत आहे त्यातला हा एक. कारण पॉपटॉपसाठी गाडीचं मूळ छप्पर कापतात आणि मजबुतीसाठी चौकट घालावी लागते. ते ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

दुसरा कागद पलंगाचा. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी ही सीट अपघात-चाचणी झालेली आहे की घरी बनवलेली, हे पाहिल्याशिवाय मुलांना तिथे बसवू नकोस. गुडघे टेकून खाली टॉर्च मारला तर चाचणीचं लेबल जागेवर होतं. मला हायसं वाटलं.

मग शेगडीखालचं कपाट उघडलं आणि तिथे थबकले. गॅसची टाकी त्या सुंदर ओकच्या कपाटात नुसती उभी होती. आपल्याकडच्या सिलिंडरसारखाच हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, जमिनीवर साचतो. म्हणून गाडीत टाकीचा कप्पा आतल्या बाजूनं बंद असावा लागतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असावं लागतं. इथे तळाला अखंड फळी होती, आणि त्या फळीच्या दोन हातांवर माणसांचं अंथरूण. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आठ उन्हाळे ते आणि त्यांची बायको त्या गाडीत झोपले होते. "मला कुणी बोललंच नाही," म्हणाले. विक्रीचं राहू दे, पण हे आधी करून घ्या, आणि गाडीतल्या गॅसचं काम येणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्या, असं मी त्यांना निक्षून सांगून आले.

वजनाचंही विचारलं. ओक जड लाकूड. गाडीच्या पाटीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन २,८०० किलो आहे, पण आतलं काम झाल्यावर ती काट्यावर कधी गेलेली नाही. आपल्याकडे उसाची गाडी कारखान्यात शिरताना आधी वजनकाट्यावर चढते, तसे सार्वजनिक काटे इथेही आहेत. त्यावरून फिरवल्याशिवाय चार माणसं, पाणी आणि सायकली यांना किती किलो उरलेत ते कळत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. मर्यादेबाहेर वजन गेलं तर दंड होऊ शकतो आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

आता आकडे

सहा आठवडे मी अशाच पाच गाड्यांवर नजर ठेवली होती. टी५, २०११ ते २०१३च्या, लाख ते एक लाख चाळीस हजार मैलांच्या, पॉपटॉप असलेल्या. मागितलेल्या किमती १५,५००, १६,२००, १६,९००, १७,५०० आणि १८,९००. शेवटची व्यावसायिक विक्रेत्याकडची, तिच्यात हमी धरलेली, म्हणून ती काढली. उरलेल्या चारांची सरासरी १६,५२५. पण जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. त्या चारांपैकी दोघांनी सहा आठवड्यांत किंमत खाली आणली. म्हणून मी १६,००० धरले. त्या वर्गाच्या सुस्थितीतल्या गाडीचा हा भाव.

इथे एक नियम लक्षात ठेव, कारण चुका इथेच होतात. तुलनेच्या गाड्यांत आहे आणि या गाडीत नाही, तेवढंच वजा करायचं. त्यांच्यात नाही आणि हिच्यात आहे, तेवढंच मिळवायचं. हिच्यात डिझेलचा हीटर आहे, पण तो त्या चारांपैकी तिघांतही आहे, म्हणून त्याचे वेगळे पैसे नाहीत. ओकची कपाटं त्यांच्यात नाहीत हे खरं. पण ओकसाठी कुणी जास्त देईल, आणि कुणी त्याच्या वजनामुळे कमी देईल. म्हणून तिथे शून्य लिहिलं.

वजाबाकीचे दर मी आमच्या ओळखीच्या गॅरेजला आणि कॅम्परची कामं करणाऱ्या एका माणसाला फोनवर विचारून घेतले. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप ६५०. चार टायर ४८०. सस्पेन्शन आर्म ३२०. आतल्या दिव्यांची वेगळी बॅटरी १३०, ती रात्रभर टिकत नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. छपराच्या कापडाची दुरुस्ती १८०. गॅसचा कप्पा नियमाप्रमाणे करून प्रमाणपत्र ३५०. पन्हळ आणि कमानीचा गंज ६००. बेरीज २,७१०. सोळा हजारांतून वजा जाता १३,२९०.

ही झाली गाडीची किंमत. माझ्यासाठी, हडर्सफील्डमध्ये राहणाऱ्या बाईसाठी. तुझ्यासाठी अजून एक वजाबाकी आहे.

तू लंडनमध्ये हॅरोला राहतोस. २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनचे सगळे बरो युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणाऱ्या झोनमध्ये, आले आहेत. डिझेल गाडी युरो ६ दर्जाची नसेल तर ती ज्या ज्या दिवशी झोनमध्ये चालवशील त्या त्या दिवशी १२.५० पौंड. २०१२ची टी५ ही युरो ५ आहे. दारात उभी असली तर काही नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परत आलास तर दोन दिवसांचे पंचवीस पौंड चहा पिण्याआधीच गेले. वर्षाला दहा फेऱ्या धर, पाच वर्षांत १,२५० पौंड. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टलच्या मध्यवस्तीत गेलास तर तिथलं शुल्क वेगळं. युलेझची ही रक्कम त्या सुतारकाकांच्या माथी मारायची नाही, त्यात त्यांचा दोष नाही. ती तुझ्या वहीतून वजा करायची. उरतात १२,०४०.

म्हणून सांगते, वापरलेल्या कॅम्परव्हॅनला एक किंमत नसते. तीच गाडी यॉर्कशायरमध्ये तेरा हजारांची आणि हॅरोत बाराची. "बाजारभाव काय चाललाय?" हा प्रश्न अर्धाच आहे. "कुणासाठी?" हे त्याला जोडलं की तो पूर्ण होतो.

निघताना मी त्यांना विचारलं, शेवटचा आकडा काय? म्हणाले, १७,०००च्या खाली नाही. माझी यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि पुन्हा फाइलवर हात ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. कोविडच्या दोन वर्षांत परदेशप्रवासावर निर्बंध होते, सगळ्या देशाला कॅम्पर हवी होती आणि किमती फुगल्या होत्या. तेव्हा शेजाऱ्याला मिळालेला आकडा अजून अनेकांच्या डोक्यात पक्का बसलाय. त्यांना तो देणारा कुणी भेटेलही. तो तू नसावास.

रात्रींचा भागाकार

वजाबाकी झाली, आता भागाकार. हा हिशेब कुणी करत नाही आणि सगळ्यात आधी हाच करायला हवा.

समज, तू २०,०००ची युरो ६ गाडी घेतलीस आणि पाच वर्षांनी १४,०००ला विकलीस. वर्षाला १,२०० झिजले. विमा ४५०, सर्व्हिस आणि आतल्या घराची वार्षिक तपासणी मिळून ४५०, दुरुस्तीला ५०० बाजूला, एमओटी जास्तीत जास्त ५४.८५. हे सगळं मिळून वर्षाला साधारण २,६५०. वर्षात पस्तीस रात्री बाहेर राहिलात तर रात्रीला ७६ पौंड पडले. बाराच रात्री राहिलात तर २२१. शिवाय कॅम्पसाइटचं भाडं आणि डिझेल वेगळं. तुमच्या इमारतीत जागा नसेल तर गाडी उभी करायचं भाडंही यात मिळव. मग भाड्याच्या कॅम्परचा दर शेजारी लिही आणि तू आणि सायली दोघं मिळून त्या कागदाकडे बघा.

आम्ही रात्री मोजायचो. पहिल्या धड वर्षात एकेचाळीस झाल्या, पुढे वर्षाला पंचवीसच्या आसपास. काकांचे गुडघे दुखायला लागले तशा चौदा. तेव्हा आम्ही गाडी विकली. स्कॉटलंडमधल्या ग्लेन कोच्या पावसात दार सरकवून, दोन बर्नरच्या शेगडीवर केलेले पोहे खात आम्ही दोघं तासन्‌तास डोंगराकडे बघत बसायचो. ते दिवस मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. म्हणूनच तुला ही गाडी नको म्हणताना कॅम्परव्हॅन नको असं म्हणत नाही. उलट घेच. पण चुकीची गाडी घेतली की हे सगळं सुख गॅरेजच्या बिलांत जातं आणि माणसं दोन वर्षांत वैतागून विकून टाकतात. तसं तुमचं होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तेव्हा पुढे असं कर. आधी ऑक्टोबरच्या सुट्टीत एक कॅम्पर चार रात्री भाड्यानं घ्या. मुलं कुठे झोपतात, ओले बूट कुठे ठेवायचे, पावसात चौघांचं कसं जमतं, हे त्या चार रात्रींत कळेल. मग युरो ६ गाडी शोध. फक्त वर्षावर जाऊ नकोस, कारण टी५नंतर आलेल्या टी६मधल्या सुरुवातीच्या काही गाड्याही युरो ५च आहेत. प्रत्येक गाडीचा नंबर युलेझच्या तपासणीत टाकून बघ. घाई नको. वसंत लागला की भाव चढतात आणि थंडीच्या तोंडावर उतरतात, कारण हिवाळाभर दारात गाडी ठेवायचा कंटाळा विकणाऱ्याला येतो. आत्ता पितृपंधरवडा आहे, वहिनी तसंही खरेदी करू देणार नाही. हे दिवस शोधायला आणि हिशेबाला घाल. आगाऊ पैसे कुणी मागितले तर गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि कागद हातात घेतल्याशिवाय एक पौंडही पाठवू नकोस.

पसंत पडलेल्या गाडीचा नंबर मला पाठव. चटई, टॉर्च आणि यंत्र घेऊन मी येईन, अगदी कॉर्नवॉलला असली तरी. निघण्यापूर्वी मात्र घरी बसून तुझा आकडा काढ, कागदावर लिही, खाली तारीख घाल आणि खिशात ठेव. दारात उभी असलेली गाडी कितीही आवडली, पोरांनी आत शिरून पलंगावर उड्या मारल्या, मालक कितीही भला निघाला, तरी त्या कागदावरचा आकडा खोडू नकोस.

स्टॉकपोर्टची गाडी सोडून दे. तिची तुझ्यासाठीची किंमत १२,००० पौंड आहे.

सायलीला आणि मुलांना आशीर्वाद. दादा-वहिनींना नमस्कार कळव.

तुझी,
आत्या